पाटावरची टेप

राज्य नवं, राजधानी नवी, ऑफिस नवं आणि मीही कोरी करकरीत. रायपुरात तेव्हा जिकडे पाहावं तिकडे पेंटर शिडीवर चढून 'मध्यप्रदेश' खोडून 'छत्तीसगढ़' लिहून राहिले होते. आमच्या ऑफिसातल्या खुर्च्यांचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं, पण सर्व्हर आला होता, आणि तो माझा होता! म्हणजे होता सरकारचाच, पण त्याच्या एसी खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. कॉम्प्युटर ॲडमिनिस्ट्रेटर! स्कूटी सुरू करताना हे पद मी रोज एकदा मनातल्या मनात म्हणून घ्यायची.

घरी मात्र त्याला काडीची किंमत नव्हती. बाबा मालगाडीचे गार्ड, वर्षभरापूर्वी रिटायर झालेले. पोरीनं बँकेची परीक्षा द्यावी, हे त्यांचं एकच पालुपद.

"दिवसभर करते काय तू तिथं?"

"बॅकअप घेते, बाबा. सर्व्हरमधल्या सगळ्या फायलींची टेपवर नक्कल करून ठेवते."

"म्हणजे कॅसेट भरते. कॅसेट भरायले सरकारनं माणूस ठेवला?"

माझं डोकंच सणकलं. "अन् तुम्ही काय करत होते? शेवटच्या डब्यात बसून गाडी पूर्ण आली का नाही, हेच पाहत होते ना? मीही तेच करते!"

आईच्या हातातली पोळी हातातच राहिली. बाबांनी पेपर उचलून तोंडासमोर धरला आणि विषय संपला.

दसरा तोंडावर आला आणि सर्व्हरची डिस्क कुरकुर करायला लागली. बंद पडायच्या आत सगळं टेपवर उतरवायचं, नवी डिस्क बसवायची आणि टेपवरून सगळं परत तिच्यावर चढवायचं. भोपाळहून इंजिनियर बोलवू, असं साहेब म्हणत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, मैं कर लूँगी."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "सोच लो बेटा. पूरे ऑफिस का रिकॉर्ड है. गड़बड़ हुई तो सर्वर भोपालवाले देखेंगे, आप टाइपिंग में बैठोगी."

टाइपिंग! हे ऐकून तर मी हटूनच बसले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी पूर्ण बॅकअप घेतला, तोही दोनदा, दोन टेपांवर. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी असते ती टेप. पुस्तकात लिहिलं होतं, आगीचा काही भरवसा नाही, एक नक्कल दुसऱ्या इमारतीत ठेवावी. म्हणून एक ऑफिसच्या कपाटात ठेवली आणि दुसरी बूढ़ापाऱ्यात आमच्या घरी टीव्हीवर. नाही, टीव्हीवर ठेवलेली मीच लगेच उचलली, चुंबक असतं त्यात! मग डबीत बंद करून पुस्तकांच्या फळीवर ठेवली आणि आईला बजावलं, हिले हात लावायचा नाही.

दसऱ्याला ऑफिस बंद, म्हणजे कामाला मोकळं रान. "सणाच्या दिवशी कोणी ऑफिसात जाते का?" असं आई बडबडत असतानाच मी निघाले. सर्व्हरचं बटण दाबलं तर जुनी डिस्क उठेचना. रात्रीतून मेली होती! बाप्पा! आता साऱ्या ऑफिसचा जीव त्या दोन टेपांत. नवी डिस्क बसवली, कपाटातली टेप घातली. फायलींची नावं भराभरा सरकायला लागली, मी खुर्चीत बसल्या बसल्या नाचत होते, आणि अर्ध्यावर सगळं थांबलं. टेप वाचता येत नाही म्हणे. पुन्हा घातली, पुन्हा तिथंच अडली.

"क्या हुआ?" साहेब सणाचे कपडे घालून दारात उभे.

"दूसरी टेप घर पे है सर. अभी लाती हूँ!"

स्कूटी अशी पळवली की बूढ़ा तालाब कधी मागे पडला कळलं नाही. घरी झेंडूचं तोरण, बैठकीत रांगोळी, पाट. आणि पाटावर काय? माझी टेप! डबीतून काढलेली, बोटभर हळद, बोटभर कुंकू, वर अक्षता आणि झेंडूचं फूल.

"आई! काहून केलं तू हे? डबीतून काहून काढली? एक कण आत गेला तर मेले ना मी!"

आई स्वयंपाकघरातून काहीतरी बोलत होती, ऐकायला थांबतंय कोण? खुर्चीत पेपराआड बसलेले बाबा उठले आणि दाढीचा कोरडा ब्रश त्यांनी माझ्यापुढे धरला. मी अक्षता झाडल्या, कुंकू पुसलं, तोंडाची झडप तपासली. बंद होती. देवा, तुझे उपकार!

ऑफिसात टेप घातली. नावं सरकायला लागली. आधी जिथं अडली होती ती जागा आली आणि गेली! "चल रही है, सर!" मी ओरडलेच. शेवटची फाईल आली, उघडून पाहिली, पूर्ण होती. साहेबांनी खिशातला पेढा काढून माझ्या हातावर ठेवला. "सर्वर आपका."

मी उड्या मारतच घरी फोन लावला. "आई, सगळं आलं! पण पुढच्या वर्षी कुंकू फक्त डबीले लाव हं."

"मले काहून सांगते?" आई म्हणाली. "पूजा तुझ्या बाबांनी केली. शिट्टी अन् झेंड्या रेल्वेत जमा केल्यापासून पाट मांडलाच नव्हता त्यांनी. आज स्वतः मांडला. डबीतून काढू नका म्हटलं, तर म्हणे शिट्टीची पूजा कधी खिशात ठेवून केली का?"

तिकडे फोन या हातातून त्या हातात गेला. बाबांनी घसा साफ केला.

"शेवटचा डबा आला?"

"आला, बाबा. गाडी पूर्ण आली."

"हव," बाबा म्हणाले. "मग ये आता. सोनं द्यायले थांबलो आहे तुझ्यासाठी."