देवाच्या पेटीतली फ्लॉपी

गंगाराम शहाणा की हट्टी, हे मला कधीच ठरवता आलं नाही. दोन्ही असावा. आचऱ्याच्या मानकरी घराण्यातला आणि आमच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क. गावात देवाच्या दागिन्यांची पेटी आहे. तिला तीन कुलपं, चाव्या तीन मानकऱ्यांच्या घरांत, त्यातली एक गंगारामच्या. तिघं जमल्याशिवाय पेटी उघडत नाही. गंगाराम या शिस्तीत वाढलेला.

अठ्ठ्याऐंशी साली कचेरीत कॉम्प्युटर आला. त्याच्या खोलीला एसी बसला आणि साहेबांच्या डोक्यावर मात्र जुना पंखाच राहिला, म्हणून आम्ही खूश. तालुक्यातली माणसं, जमिनी, होड्या, सगळं त्यात भरायचं ठरलं. गंगारामने यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला विचारलं, यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम कोणाचा? परदेशातला. आत काय लिहिलंय ते इथे कोणी पाहिलंय? कोणीच नाही. उद्या त्यांनी द्यायचा बंद केला तर? तो माणूस नुसता हसला.

घर आपलं आणि चावी परक्याकडे, असं गंगाराम मग ज्याला त्याला सांगत सुटला. लोक कंटाळले. मूळ प्रोग्रामची फ्लॉपी कंपनीच्या माणसाच्या बॅगेत असायची. यंत्र आडवं पडलं तर तीच घालून उठवायचं. नक्कल करायला करारात बंदी. निदान ती तरी सरकारच्या ताब्यात हवी, म्हणून तो साहेबांच्या इतका मागे लागला, की ते म्हणाले, ठेवा तुमच्या जबाबदारीवर. एवढ्याशा गोष्टीने त्याला केवढा आनंद झाला होता!

कचेरीचं कपाट कोणाच्याही सायकलच्या चावीने उघडायचं. म्हणून त्याने बाकीच्या दोन मानकऱ्यांना राजी केलं आणि फ्लॉपी देवाच्या पेटीत ठेवली.

पावसाळ्यात वीज कमीजास्त होऊन यंत्र बंद पडलं. नेमकी तेव्हाच मुंबईला माहिती पाठवायची होती. गंगाराम आचऱ्याला धावला. आदल्याच दिवशी दुसरी चावी सांभाळणाऱ्या बाबली मानकऱ्याची आई वारली होती. सुतकात देवाच्या चावीला हात लागत नाही, आणि ती दुसऱ्याकडे द्यायचा रिवाज नाही. कुलूप तोडा म्हणायला गंगारामची जीभ रेटली नाही. तो रिकाम्या हाताने परत आला. मला त्याचा भयंकर राग आला. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं, हेही तितकंच खरं.

कंपनीचा माणूस दुसरी फ्लॉपी घेऊन आला. चहा निवायच्या आत यंत्र सुरू झालं. साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम काढला, यापुढे सगळ्या फ्लॉप्या कंपनीकडेच. सुतक फिटल्यावर पेटी उघडली आणि गंगारामने आपली फ्लॉपी स्वतः नेऊन त्या माणसाच्या हातात ठेवली.

पुढच्या वर्षी यंत्र पुन्हा बंद पडलं. कंपनीचं सरकारशी काहीतरी बिनसलं होतं, माणूस येईना. फोन उचलेना. सगळी माहिती समोर त्या डब्यात, आणि आम्ही बाहेर. शेवटी साहेबांनी गंगारामला बोलावलं. म्हणाले, तुम्ही म्हणत होता ते वरती लिहून कळवा, मी सही करतो.

कचेरीत कधी मालवणी न बोलणारा गंगाराम खाली बघत म्हणाला, "सायबानू, वरचे इचारतले, फ्लॉपी तुमच्याकडे होती तेवां काय केलास? माका काय सांगूचा तां सुचना नाय."

साहेबांनी सहीसाठी काढलेलं पेन परत खिशाला लावलं.