दगड ते दगड एक मिनिट

किनवटकडच्या गावातून बारामतीत आलो तेव्हा सातवीतच माझी शाळा सुटली होती आणि इथं ओळखीचं कुणीही नव्हतं. गाड्यांचे स्पीड मीटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी मला कामावर घेतलं, दुकानामागच्या खोलीत राहायला जागा दिली. त्यांच्या घरचा डबा मी अजून खातो.

सगळ्यात आधी त्यांनी शिकवलं ते हे, की मीटर बसवला की गाडी इंदापूर रस्त्याला न्यायची. पिंपळीच्या पुढं किलोमीटरचे दगड नीट अंतरावर आहेत. काटा साठावर धरायचा आणि घड्याळ बघायचं. दगड ते दगड बरोबर एक मिनिट लागलं तर मीटर खरा. "उभ्या गाडीत समदेच काटे शून्यावर असत्यात," ते म्हणायचे. "खरा का खोटा, ते चालत्या गाडीतच कळतं."

दोन वर्षांपूर्वी निरवांगीचा एक बागायतदार जुनी पिकअप घेऊन आला. मिस्त्री लग्नाला गेले होते. मी मीटर उघडला, आतलं झिजलेलं चाक बदललं आणि काटा परत बसवला. काटा काढण्याआधी त्याच्या जागेची खूण करायची असते, ती मी केली नव्हती. अंदाजानं दाबून दिला.

"दगडाला जाऊन येऊ," मी म्हणालो.

"आरं, पेरू तोडून पडल्यात तिकडं. आता दगड मोजायला लावतोस व्हय मला? बघ की, शून्यावर हाय!" तो हसला. मीही हसलो आणि जाऊ दिलं.

पंधरा दिवसांनी कळलं, कालव्याच्या वळणावर ती पिकअप उलटली. त्याला नुसतं खरचटलं. शेजारी बसलेल्या बायकोचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. काटा चाळीसावर होता, असं तो भेटेल त्याला सांगत होता. कुणी मानत नव्हतं. बायको तर त्याच्याशी बोलतच नव्हती.

मिस्त्रींना सांगावं तर हाकलतील, न सांगावं तर तो माणूस खोटा ठरतोय. दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी सांगितलं.

मोडलेल्या गाडीतला मीटर त्यांनी मागवून घेतला, एका चांगल्या मीटरशेजारी लावला आणि दोन्ही एकाच वेगानं फिरवले. चांगला पंचावन्न दाखवत होता, मी बसवलेला चाळीस.

"चल," मिस्त्री म्हणाले. "तितं तू गप बस. दुकानाची चूक हाय म्हणून मी सांगतो."

निरवांगीला बागायतदाराची बायको ओसरीत खाटेवर बसली होती, तो पलीकडं. "पाव्हणं, मीटर आमचा चुकला," मिस्त्री एवढंच म्हणाले, आणि मला गप बसवेना.

"काटा मी बसवला," मी म्हणालो. "तुम्ही चाळीसच बघितलं असणार. गाडी पंचावन्नला होती."

तो अंगावर धावून येईल असं वाटलं होतं. पण तो बायकोकडं वळला. "ऐकलंस न्हवं? चाळीसावरच हुता! मी काय सांगत हुतो इतकं दिस?"

तिनं पांघरूण गुडघ्यावरून खाली ओढलं.

"व्हय, ऐकलं," ती म्हणाली. "मंग आता त्या चाळीसाचं काय करू मी?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. तिच्या नवऱ्याचा चेहरा मात्र मोकळा झाला होता, आणि मला तोच बघवेना.