बोरखेडीचा पिवळा

नागोराव नकाशानवीस मुळातच भित्रे. निजामाच्या अमलात वीस वर्षं त्यांनी नकाशांवर गावांची नावं उर्दूत लिहिली, पण अक्षराचा एखादा नुक्ता, म्हणजे टिंब, चुकेल म्हणून प्रत्येक नाव ते तीनदा वाचायचे. त्यात आलं छप्पन्न साल. पोलीस ॲक्शनला पुरती आठ वर्षं झाली नव्हती, तोच राज्यांची नवी वाटणी निघाली. किनवट, राजुरा मुंबई राज्यात जाणार आणि आदिलाबाद तेलुगू राज्यात राहणार. कचेरीनं त्यांना मोठा नकाशा रंगवायला दिला. जाणारी गावं केशरी, राहणारी पिवळी, जंगल हिरवं. ओढा नाही, देऊळ नाही, माणूस तर नाहीच. नुसते सरळ रेघांचे चौकोन आणि त्रिकोण.

जंगलाच्या मधोमध एक चौकोन होता बोरखेडीचा, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या गावाचा. तो पिवळाच रंगवायचा होता आणि त्यांनी पिवळाच रंगवला.

दुपारी साहेबांपुढे कागद मांडणाऱ्या पेशकार भगवंतरावांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं.

"नागोराव, हे केशरी काऊन? आपलं गाव गुपचूप तिकडं ढकलून राह्यले का? चार वाजता साहेब पाहणार हायेत. नोकरी जाईन तुमची."

नागोराव नकाशावर वाकले. पाहतात तर चौकोन खरंच केशरी दिसत होता! वाटी तीच, कुंचला तोच, मग हे झालं कसं? बोरखेडी मराठी मुलखात जावी असं त्यांना रोज वाटायचं, ते खोटं कशाला बोला! मनातलं हातात उतरलं की काय? एकदा स्वतःचाच संशय आला की माणसाला बाहेरचा वैरी लागत नाही.

घरी जेवायला बसले, तर भाकरी तोंडातल्या तोंडात फिरू लागली. बायकोनं, विमलबाईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अवो, माह्या चोळीच्या खणाचं तेच झालं ना! दुकानात हिरव्या लुगड्यावर ठेवला तवा केशरी दिसे, घरी आणला तं पिवळा. मी त्या दुकानदाराले नाही नाही ते बोलली. खण तोच होता, शेजार बदलला."

नागोराव हात धुऊन तसेच कचेरीकडे धावले. कोऱ्या कागदाला त्यांनी नखाएवढी दोन भोकं पाडली. चार वाजता साहेबांसमोर तो कागद नकाशावर ठेवला. एका भोकात बोरखेडी, दुसऱ्यात भैंशाकडचं एक राहणारं गाव. आजूबाजूचं सगळं झाकलं गेलं आणि दोन्ही भोकांत एकच पिवळा दिसला.

"बराबर है," साहेब हसले. "दोनों पीले हैं."

भगवंतरावांनी ओशाळून नागोरावांची पाठ थोपटली. साहेबांनी नकाशाखाली सही केली. नोकरी वाचली होती, नावाला बट्टा लागला नव्हता. पण ती शाई वाळताना पाहून नागोरावांचे डोळे भरून आले. आपला हात खरंच चुकला असता तर किती बरं झालं असतं, असं त्यांना जन्मात पहिल्यांदा वाटलं.