चंडीचा तांब्याचा हात

"सर, मला असा हात हवाय," असं म्हणून मुग्धानं माझ्या टेबलावर एक कागद ठेवला.

पेन्सिलनं काढलेला तांब्याचा हात. बोटांच्या जागी दोन आकडे, मनगटाला कंदील अडकवायची कडी, खांद्यापर्यंत चामड्याचे पट्टे. खाली नाव लिहिलं होतं, चंडी.

मी प्रोस्थेटिस्ट आहे. म्हणजे कृत्रिम हातपाय बनवतो. सदाशिव पेठेत क्लिनिक आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. अपघातात मुग्धाचा डावा हात कोपराखाली गेला तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. तिचा पहिला हात मीच केला. कॉस्मेटिक हँड. असा हात काही पकडत नाही, फक्त दिसतो. पण दिसतो कसा! त्वचेचा रंग जुळवायला मी तिला तीनदा गॅलरीतल्या उन्हात बसवलं होतं. नखांवरच्या पांढऱ्या चंद्रकोरीसुद्धा काढल्या होत्या.

तो हात दोन वर्षं कपाटात पडून आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

ती आली होती उजव्या मनगटासाठी. हडपसरला आयटी कंपनीत ती टेस्टिंगचं काम करते. टायपिंगपासून पिशव्या उचलण्यापर्यंत सगळं एका हातानं. मनगट सुजलं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डाव्या बाजूला काहीतरी कामाचं बसवून घ्या, नाहीतर उजवाही जाईल.

"हे चित्र कोणी काढलं?" मी विचारलं.

"केदारनं. आमचा गेम मास्टर."

मग तिनं समजावून सांगितलं. दर रविवारी पाच मित्र टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, तो गेम मास्टर. बाकीचे गोष्टीतली पात्रं होतात. पात्राला एखादी गोष्ट जमली की नाही, ते फासा टाकून ठरतं. मुग्धाचं पात्र म्हणजे चंडी. राक्षसाशी लढताना तिचा हात गेला आणि तिनं स्वतःच तांब्याचा बनवला.

"पावसाळ्यात त्याचे सांधे आखडतात, सर. तेल घालावं लागतं. थंडीत टोचतो, मग ती काढून मांडीवर ठेवते. आणि खुशाल तशीच बसते."

बोलताना तिचा चेहरा उजळला होता. अठ्ठावीस वर्षांत माझ्या एकाही हाताबद्दल कोणी असं बोललं नव्हतं. 'बरा आहे', 'घाम येतो', 'मागच्यापेक्षा जड वाटतो', एवढंच. ज्यानं कधी प्लास्टरमध्ये बोटं बुडवली नाहीत, त्याच्या कागदी हाताचं हे कौतुक! मला झोंबलं.

"मग त्यालाच सांग माप घ्यायला," मी म्हणालो.

तिनं चित्राचा कागद उचलून पर्समध्ये ठेवला. मग हळूच म्हणाली, "सर, त्यानं मला विचारलं होतं, हातानं काय काय करायचंय म्हणून."

ती गेल्यावर मी तिची जुनी फाइल काढली. उरलेल्या हाताची, म्हणजे स्टम्पची लांबी. घेर. रंगाचा नंबर. शेवटी माझ्याच अक्षरात, 'वडिलांच्या म्हणण्यानुसार हात नैसर्गिक दिसावा. लग्नाचं बघत आहेत.' सगळी उत्तरं वडिलांची होती. मुग्धा शेजारीच बसलेली असणार. तिला काही विचारल्याची नोंद नव्हती.

घरी हे बायकोला सांगितलं. शबाना शाळेत शिकवते, त्यामुळे ऐकून घेते आणि मग मार्क देते. "अहो, नसलेल्या हाताचा हेवा करणारे तुम्ही पहिलेच," ती म्हणाली.

तरी रविवारी मी हडपसरला केदारच्या घरी गेलो, तिथेच ते खेळायचे. मुग्धाला सांगितलं, तू बसतेस कशी, धरतेस काय, ते बघायचंय. ते खरंच होतं. पण मुख्य म्हणजे मला केदार बघायचा होता.

केदार म्हणजे सत्ताविशीचा, किडकिडीत, कुरळ्या केसांचा मुलगा. "या तांबोळीकाका!" म्हणत त्यानं मला खुर्ची दिली, चहा दिला. त्याच्यात नावं ठेवण्यासारखं काही सापडेना, याचाही राग आला.

खेळ सुरू झाला. मुग्धा स्टम्पनं कागद दाबून धरत होती आणि उजव्या हातानं लिहीत होती. माझ्यासमोर ती कायम ओढणीखाली हात झाकून बसायची. इथे सगळ्यांदेखत कोपर टेबलावर होतं.

गोष्टीत चंडी किल्ल्याच्या तटावर चढत होती. पायाखालचा दगड निखळला. मुग्धा ओरडली, "मी आकडा अडकवते!" फासा चांगला पडला. सगळे टाळ्या वाजवायला लागले.

केदारनं हात वर केला. "थांबा, आज एक्स्पर्ट आहेत. काका, अशा हातावर लटकता येईल?"

मी खरं तेच सांगितलं. "नाही. सॉकेट, म्हणजे स्टम्प ज्यात बसतो तो कप, भार आला की सुटतो. ती पडेल."

खरं होतं. पण सांगताना मला जो आनंद झाला, तो खरं बोलण्याचा नव्हता.

केदारनं क्षणभर मुग्धाकडे पाहिलं. "ओके. चंडी पडते."

टाळ्या थांबल्या. मुग्धानं फासा मुठीत धरला. डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. "सर, चित्रात पट्टे आहेत ना? दंडाला आणि खांद्याला. ते भार घेणार नाहीत?"

मी चित्र ओढून घेतलं. पट्टे शोभेचे नव्हते. दंडावरून पाठीमागे जाऊन ते दुसऱ्या खांद्याला अडकत होते. त्याला आम्ही हार्नेस म्हणतो. मी ते नीट पाहिलंच नव्हतं.

"घेतील," मी म्हणालो. "सॉकेट कोपराच्या हाडांवर घट्ट बसवला आणि वरून हार्नेस असला, तर थोडा वेळ तग धरेल."

"म्हणजे असा हात करता येतो?"

"येतो."

"मग मला का नाही केला?"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. वडिलांचं नाव पुढे करता आलं असतं. "मी तुला विचारलं नाही," मी म्हणालो.

केदारनं निकाल फिरवला, चंडी वाचली. मुग्धाचा हात व्हायला सहा आठवडे लागले. तीनदा सॉकेट बदलला. स्टीलचा आकडा बसवला. उजवा खांदा पुढे घेतला की केबल ओढली जाते आणि आकडा उघडतो. हात लावल्यावर पहिल्या आठवड्यात तिनं दोन कप फोडले, तिसऱ्या आठवड्यात कांदा धरून चिरला. उजव्या मनगटाची सूज उतरली. सॉकेटमध्ये तिच्या पसंतीचं तांबूस कापड घालून मी वरून रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा द्रव, ओतलं. वडील ते बघून म्हणाले, "हे लोकांना दिसेल हो." मुग्धा म्हणाली, "दिसू दे."

आता नवीन पेशंट आला की नातेवाइकांना मी बाहेर बसवतो. हातानं काय करायचंय, हा पहिला प्रश्न. रंगाचा नंबर शेवटी.

मागच्या महिन्यात मुग्धा तपासणीला आली होती. बाहेर बसलेल्या एका बाईंनी कौतुकानं विचारलं, "कोणी केला हो हा हात?"

"माझ्या मित्रानं," मुग्धा म्हणाली. "सरांनी फिटिंग केलं."

मी आत ऐकत होतो. दार उघडं होतं. उठून ते लावून घेतलं.