शिष्ट रंगमामा

आमच्या नाटक कंपनीत निम्म्या राजांना राजेपण शिंप्याने दिलं, उरलेल्यांना रंगमामांनी. मामी गेल्यावर मामांना घर खायला उठायचं, म्हणून ते सगळ्यांच्या आधी रंगपटात येऊन आरशासमोर बसत. नटांचे चेहरे रंगवताना गप्पा मारत, टोमणे हाणत. तेवढीच त्यांची माणसं.

पुढे मामांना सगळी तोंडं पिवळट, धुरकट दिसू लागली. ते लाली चढवत गेले. शेवटी खंगून मरणाऱ्या नायिकेच्या भूमिकेत मी टोमॅटोसारखी लालबुंद होऊन रंगमंचावर गेले आणि ऐन मरणाच्या प्रवेशात प्रेक्षक खदाखदा हसले. मालकांनी मामांना नुसत्या मिशा चिकटवायला बसवलं.

मी त्यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मोतीबिंदू निघाला, शस्त्रक्रिया झाली, रंग परतले. पट्टी सुटताच मामा माझ्याकडे निरखून म्हणाले, “बाई, एवढ्या सुरकुत्या कधी जमवल्या हो?”

पण काचबिंदूही निघाला होता. तो दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो. खाल्लेलं परत मिळत नाही. थेंब घालून उरलेलं जपायचं. मामांना समोरचा चेहरा लख्ख दिसे, पण नळीतून पाहावं तसा. बाजूचं काहीच नाही.

मालकांनी त्यांची खुर्ची त्यांना परत दिली. हात पूर्वीसारखाच चालू लागला. मात्र आमच्याकडे एक रिवाज होता: रंगमंचावर जाताना बोलायचं नाही. नटाने मामांच्या बाजूला क्षणभर थांबून मान लववायची, मामांनी मान हलवायची. आता नट थांबत, मान लववत, आणि मामा ढिम्म. दोन-चारदा असं झालं आणि कुजबुज सुरू झाली. नजर परत आली तसं म्हाताऱ्याचं नाकही वर गेलं म्हणे. हळूहळू कुणी थांबेना. चेहरा रंगवून घेतानाही माणसं डोळे मिटून गप्प बसू लागली.

मी मामांना म्हटलं, “सांगून टाका की. राग जाईल सगळ्यांचा.”

“राग जाईल, आणि खुर्चीही जाईल,” मामा ब्रश पुसत म्हणाले. “शिष्ट माणसाला कामावर ठेवतात, बाई. आंधळ्याला नाही. तुम्हीही बोलू नका, माझी शपथ आहे.”

मी बोलले नाही. मामांची खुर्ची राहिली.

एकदा प्रयोग रंगात आला होता, सगळे विंगेत गेले होते. चहावाला मामांच्या कोपराशी कप ठेवून निघून गेला. मामा समोरच्या रिकाम्या आरशाकडे पाहत बसून होते. मध्यंतराला मी आत आले, तर चहावर साय धरलेली. मी कप उचलून त्यांच्या समोर ठेवला.

“कधी आला होता तो?” त्यांनी विचारलं.

“आत्ताच.”

मामांनी एक घोट घेतला. चहा थंडगार होता.

“चांगला गरम आहे,” ते म्हणाले, आणि सगळा प्यायले.