भाडोत्री म्हणा, चालेल

स्वतःच्या घरात माणसाला किस्से होत नाहीत, जळमटं होतात. वाशीच्या आमच्या रो-हाऊसमध्ये आम्ही दोघांनी अख्ख्या नोकऱ्या काढल्या, मुलगा वाढवला, पण सांगण्यासारखं काही विचाराल तर मला डोकं खाजवावं लागेल. आणि इथे खारघरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये येऊन जेमतेम वर्ष होतंय, तर बोलायला संध्याकाळ पुरत नाही.

बोलायची जागा म्हणजे सोसायटीच्या बागेतला बाक. बसणारे चौघं: मी, आमचे हे, उरणकडचे पारकरचाचा आणि इथल्याच गावातल्या जनाबाय. चौघंही साठी ओलांडलेले, चौघांचीही एकेकाळी स्वतःची घरं, आणि आता चौघंही भाड्याने.

* * *

आमच्या ह्यांचे गुडघे गेले. रो-हाऊसमध्ये झोपायची खोली वर आणि बाथरूम खाली. जिना रोज थोडा उंच व्हायला लागला, तेव्हा आम्ही घर विकलं.

आमचा मुलगा निखिल पुण्याहून तडक आला. त्याचं म्हणणं, आता सरळ माझ्याकडे या, या वयात भाड्याने कोण राहतं? त्याला काळजी होती, खोटं कशाला बोलू. पण त्याच्याकडे आम्हाला मिळणार होती ट्रेडमिलची खोली. मी म्हटलं, "ती आधीपासून राहतेय, तिला कशाला उठवतोस?"

शेवटी तह झाला. ॲग्रीमेंटचे अकरा महिने राहून बघायचं. नाही जमलं, किंवा पुढचं ॲग्रीमेंट झालं नाही, तर मुकाट्याने पुण्याला जायचं. मी हो म्हटलं खरं, पण मनात तेव्हाच ठरवलं होतं की जायचं नाही.

* * *

ॲग्रीमेंटसाठी एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. ह्यांचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला. माझा काही केल्या लागेना.

"आजी, रेषा झिजल्यात तुमच्या," एजंट म्हणाला.

"आणि ह्यांच्या बघा कशा कोऱ्या करकरीत," मी म्हटलं. "भांडी कोणी घासली, ते मशीनलासुद्धा कळतं."

अंगठा पुसून, केसांवरून फिरवून, एकदाचा लागला. मग घरमालक मोरे यांनी एक अट मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवली: भिंतीत खिळा ठोकायचा नाही. मोरे माणूस चांगला, फक्त भिंतींच्या बाबतीत हळवा.

त्यामुळे मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ फ्रिजवर जाऊन बसलं. दूध काढायला जरा जोरात दार उघडलं की वेळ अंगावर यायची. वाशीतलं स्टूल आणि शिडी तर आम्ही येतानाच वाटून टाकली होती. खिळाच नाही, तर चढायचं कुठे?

* * *

एक दिवस लिफ्टमध्ये नोटीस लागली: "भाडोत्र्यांनी गच्चीवर वाळवण घालू नये."

वाळवण माझंच होतं, पोह्याचे पापड. पण मला झोंबलं ते वेगळंच. मी जन्मभर मराठी शिकवलं. भाडोत्री गुंड असतात, भाडोत्री साक्षीदार असतात. घरात राहतो तो भाडेकरू! तशीच सेक्रेटरीकडे गेले आणि त्यांना हा फरक समजावला.

"काकू, मीनिंग सेमच आहे ना," ते म्हणाले.

माझ्यामागे काठी टेकून उभे असलेले आमचे हे पहिल्यांदाच बोलले. "मग कोणाला उचलायचंय तेवढं सांगा."

दुपारपर्यंत नोटीस गेली. शब्द मात्र आम्ही ठेवून घेतला. बाकावरच्या चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव तेव्हापासून "भाडोत्री गँग" आहे.

* * *

जनाबायचं गावातलं घर पाडून तिथे मुलं मजले चढवतायत, म्हणून ती इथे राहते. मुलं म्हणाली, तोवर थोरल्याच्या सासरी राहा, तर तिने साफ नकार दिला. एकदा ती एकटीच बाकावर बसली असताना नव्याने फ्लॅट घेतलेल्या एक बाई आल्या. बाग ओनर लोकांसाठी आहे, टेनंटनी जरा बघून बसावं, असं त्यांनी गोड आवाजात सुचवलं.

जनाबाय जागची हलली नाही. "माज्या बापाच्या भातशेतीवर तुमची बिल्डिंग उभी हाय," ती म्हणाली. "आदी तिला उठवा, मंग मना सांगा."

त्या बाई आता रोज येऊन तिच्याशेजारी बसतात आणि सुके बोंबील कुठले चांगले ते विचारतात.

* * *

पारकरचाचांना इथे घर मिळण्याआधी बरंच फिरावं लागलं. फोनवर फ्लॅट रिकामा असायचा, पूर्ण नाव सांगितलं की तो नुकताच गेलेला असायचा. एका ब्रोकरने जरा सभ्य कारण शोधलं. म्हणाला, मालकाला छोटी फॅमिली पाहिजे.

"बायको वारली, पोरं दुबईला," चाचांनी त्याला सांगितलं. "यापेक्षा छोटी कशी करू?"

हे सांगताना चाचा स्वतः हसत होते. आम्हाला तिघांना हसू आलं नाही. त्या संध्याकाळी मला फार राग आला होता, कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

* * *

आणि हा किस्सा परवाचा. अकरा महिने भरले. मोरे पुन्हा घर द्यायला तयार होते, तोच एजंट तेच मशीन घेऊन आला. निखिलही आला, दोन भल्याथोरल्या, टणक, रिकाम्या बॅगा ओढत. आमचं सामान न्यायला.

ह्यांचा अंगठा लागला. माझा लागेना. पुसला, पुन्हा ठेवला. लाल दिवा. मोरे घड्याळ बघायला लागले. एजंट म्हणाला, फारच झिजलाय, अवघड दिसतंय.

"बघ आई," निखिल हळूच म्हणाला. "मशीनपण नाही म्हणतंय. चल आता."

मी अंबाडा सोडला, तेल लावलेल्या केसांत अंगठा खसाखसा घासला आणि मशीनवर दाबून धरला. एजंट म्हणाला, "आजी, सोडा." मी सोडला नाही. हिरवा दिवा लागल्यावर सोडला.

मोरे खूश झाले. उठता उठता म्हणाले, "काकू, अजून काही हवं असेल तर सांगा."

"एक खिळा," मी म्हटलं.

मोरेंनी फ्रिजवरच्या घड्याळाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि मान डोलावली.

घरात स्टूल नव्हतं. ह्यांनी निखिलच्या दोन्ही बॅगा भिंतीशी नेल्या आणि आडव्या करून एकावर एक ठेवल्या. मी खलबत्त्यातला बत्ता निखिलच्या हातात दिला.

"चढ," मी म्हटलं.