हा धडा आम्हाला नाही

पेपर तपासणाऱ्याकडे किस्से मागावे लागत नाहीत. लाल शाईसारखे ते बोटांना लागलेले असतात, जेवायला बसलं तरी जात नाहीत. माझ्याकडे तर एकाच वर्गाचे इतके साठलेत की एक सांगायला घेतला की दुसराच आधी बाहेर येतो.

वडील फौजेत, म्हणून माझी शाळा डेहराडूनकडे आणि कॉलेज दिल्लीत. ते निवृत्त होऊन देवळाली कॅम्पात स्थिरावले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. पाठांतर बंद झालं की देश सुधारेल, अशी खात्री घेऊन मी घरी परतले होते. आठ दिवसांतच नाशिकरोडला सोनवणे सरांच्या संध्याकाळच्या वर्गाला शिक्षक हवा असल्याचं कळलं. सोनवणे सर म्हणजे निवृत्त झालेले जुने मास्तर. वर्ग फक्त इंग्रजीचा आणि फक्त इंग्रजीमुळे मॅट्रिक अडलेल्या नोकरदारांचा. बाकी विषय केव्हाच सुटलेले. सगळ्यांचे डोळे ऑक्टोबरच्या परीक्षेकडे.

त्यात गांगुर्डेबाई होत्या. नवरा एका सरकारी कचेरीत कारकून होता, तो वारला. बाईंना तिथेच पाणी द्यायच्या आणि फायली पोचवायच्या कामावर घेतलं. मॅट्रिक झाल्या की कारकुनाची जागा द्यायची, असं ठरलं होतं. इंग्रजीत तीनदा नापास झाल्या. आता साहेबांनी सांगून टाकलं होतं, की जागा डिसेंबरपर्यंतच राखून ठेवू, पुढे नाही.

हे सगळं सांगून सोनवणे सर मला म्हणाले, "तुम्ही काय वाटतील ते प्रयोग करा. फक्त या बाईवर करू नका."

मी तिच्यावरच केले.

*

सरांच्या वर्गाची एक पद्धत होती. अकरा उत्तरं, दोन निबंध आणि एक पत्र, एवढं सायक्लोस्टाइल करून, दोऱ्याने शिवून प्रत्येकाला द्यायचं. त्या गठ्ठ्याचं नाव 'पस्तीस'. रोज साडेसहाला सगळे उभे राहून पस्तीस म्हणायचे, आरतीसारखं, एका सुरात. मधे कुणी उशिरा आला तर चप्पल काढता काढता तिथूनच सूर धरायचा.

मी पहिल्याच आठवड्यात गठ्ठे बाजूला ठेवायला लावले आणि चाचणी घेतली. कुणी कधी न पाहिलेला एक उतारा, खाली पाच प्रश्न. अर्ध्या तासाने अठराच्या अठरा कागद कोरे आले. वर नाव, तारीख, समास, सगळं व्यवस्थित. पुढच्या बाकावरचे पगारे सगळ्यांच्या वतीने उभे राहिले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम, हा धडा आम्हाला नाही."

मी तावातावाने सरांकडे गेले. ते विड्याचं पान लावत होते. म्हणाले, "पाहुण्याला जेवायला बोलावलंत आणि हातात कुदळ दिलीत. तो विहीर खणेल का घरी जाईल?"

*

हे पगारे छापखान्यात तपासनीस. दिवसभर छापलेले कागद डोळ्यांखालून घालायचे आणि डाग दिसला की बाजूला काढायचा. पुढच्या चाचणीला मी त्यांना मुद्दाम सांगितलं, की आधी उतारा नीट वाचा, मगच लिहा. दहा मिनिटांनी त्यांनी पेपर परत आणून दिला. त्यावर पेन्सिलीने सात गोल. इथे शाई पसरली, तिथे ओळ चढली, खाली अक्षर अर्धं उठलं.

"हा माल पास होणार नाही, मॅडम."

मी विचारलं, उताऱ्यातला माणूस शेवटी गावाला पोचला का? पगारे चक्रावले. उताऱ्यात माणूस आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. म्हणाले, "आमच्याकडे वाचायची परवानगी नसते. वाचायला लागलं की डाग सुटतो."

त्यांना वाचायला शिकवायला मला दोन महिने लागले. एके दिवशी तक्रार घेऊन आले, की तुमच्यामुळे आता कामावरही वाचलं जातं.

*

भदाणे सटाण्याकडचे, एसटीच्या डेपोत मदतनीस, वय बेचाळीस. पस्तीसमधलं पत्र होतं वसतिगृहातून वडिलांकडे पैसे मागण्याचं. मी म्हटलं, पाठ केलेलं नको, स्वतःचं लिहा. भदाणे पेन खाली ठेवून बसून राहिले. ते गोंधळले की घरची बोली बोलायचे.

"बाप नही शे, मॅडम." अकरा वर्षं झाली म्हणाले.

मी कल्पनाशक्तीवर छोटंसं भाषण दिलं. मग त्यांनी खाली मान घालून दोन पानं लिहिली. विहिरीला पाणी लागलं. धाकटा वेगळा निघाला. आई तुमच्या कोटाला अजून ऊन दाखवते. इंग्रजी मोडकं, पण प्रत्येक ओळ कळत होती. मी दहापैकी नऊ दिले आणि विजयी चेहऱ्याने सरांपुढे ठेवलं.

सरांनी चष्मा काढून दोनदा वाचलं. मग म्हणाले, "पैसे मागितलेच नाहीत. बोर्ड शून्य देईल."

त्या संध्याकाळी मी कॅम्पाची बस सोडून दिली आणि स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. सर चुकत होते, याची खात्री होती. बोर्डाबद्दल ते चुकत नव्हते, याचीही. आणि गांगुर्डेबाईंनी माझ्या सांगण्यावरून पस्तीस म्हणणं कधीच सोडून दिलं होतं.

*

बाईंचा शब्दसंग्रह सगळ्यांत निराळा. फुलपाखरू, नदी, आगबोट यांपैकी काही येत नव्हतं. पण फायलींच्या पाठीवरचे शब्द तोंडपाठ. मी 'अर्जंट' हा शब्द वाक्यात वापरायला दिला. सतरा जणांनी लिहिलं, मला अर्जंट काम आहे. बाईंनी इंग्रजीत लिहिलं, ज्या फायलीवर अर्जंट लिहिलेलं असतं तिच्यावर सगळ्यांत जास्त धूळ असते.

मी विचारलं, हे कुठून पाठ केलंत?

"पाठ कशाला करायचं, ताई? मीच झटकते ना."

*

ऑक्टोबरात पेपरच्या दिवशी मी केंद्राबाहेर तीन तास उभी होते. उभी कसली, येरझाऱ्याच. बाई बाहेर आल्या. निबंध पस्तीसमधलाच आला होता, शब्दन् शब्द. शेजारी उभ्या सोनवणे सरांचा चेहरा फुलला.

"मला आठवत होता," बाई म्हणाल्या, "पण मी माझाच लिहिला."

सर माझ्याकडे वळून बघतील असं वाटलं. त्यांनी बघितलं नाही. ते जास्त लागलं. निकालापर्यंतचे आठवडे मी सरांशी नीट बोलू शकले नाही.

बाईंना अडतीस पडले.

मी वर्गात पेढे वाटले. सरांनी एक घेतला आणि म्हणाले, माझ्या पद्धतीने पस्तीस पडले असते, तीन मार्क तुमचे.

पण जागा लगेच मिळाली नाहीच. साहेबांना बोर्डावर विश्वास नव्हता. हल्ली कुणीही पास होतं, मी स्वतः परीक्षा घेईन, असं त्यांनी सांगितलं आणि डिसेंबरातल्या एका सोमवारी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. त्या संध्याकाळी पास झालेलेही वर्गात आले होते, कुणी पस्तीस म्हटलं नाही. सगळे दाराकडे बघत बसले होते. बाई आल्या, पिशवी बाकावर ठेवली आणि सांगायला लागल्या.

साहेबांनी टेबलावरच्या ढिगातून हाताला येईल ते एक इंग्रजी पत्र ओढलं आणि पुढे सरकवलं. वाचा आणि अर्थ सांगा म्हणाले. बाईंनी उभ्यानेच सगळं वाचलं. सावकाश, आधी एकदा मनात, मग मोठ्याने.

"मग?" पगाऱ्यांनी विचारलं.

"मग अर्थ सांगितला. म्हटलं, साहेब, हे पत्र मुंबईच्या मोठ्या साहेबांचं आहे, तुमच्या नावाने. सात दिवसांत उत्तर द्या म्हणतात, नाहीतर स्वतः येऊन खुलासा करा. आणि वर तारीख एप्रिलची आहे."

सोनवणे सरांनी हळूच विचारलं, "साहेब काय म्हणाले?"

"आधी पत्र ओढून तारीख बघितली. मग म्हणाले, बसा."

"आणि?"

"मग त्यांनी पाण्याच्या तांब्याकडे बघितलं. मी सवयीने उठायला लागले, तर हाताने थांबवलं," बाई म्हणाल्या. "पाणी त्यांनी स्वतःच ओतून घेतलं."